माशाच्या अंड्यात प्रोटीनवर चालणारं काम कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली कसं बघायचं

बी.एस्सी.च्या पुस्तकात प्रोटीनची गोष्ट रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या कारखान्यावर, येऊन संपते. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रोटीन, झालं. पान उलटलं की पुढचा धडा. मी अमळनेरकडे प्राणिशास्त्र शिकवते आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. प्रोटीन तयार झालं म्हणजे ते कामाला लागलं असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात बरीच प्रोटीनं तयार होऊन नुसती पडून असतात. कुणी त्यांना फॉस्फेट जोडलं, कुणी तो काढला, कुणी साखरेची साखळी लावली, कुणी तुकडा कापला, दोन प्रोटीनं एकमेकांना कायमची सांधली, की मग हालचाल सुरू. हे सगळं करणारी ती प्रोटीन बदलणारी एन्झाइमं. फॉस्फेट लावणारं कायनेज, तो काढणारं फॉस्फेटेज, प्रोटीन कापणारं प्रोटिएज, ऑक्सिजन वापरून बदल करणारं ऑक्सिडेज अशी नावं आपण परीक्षेपुरती पाठ करतो.

हे बघायला माशाच्या अंड्यासारखी दुसरी जागा नाही. कारण पहिले साधारण तीन तास गर्भाचे स्वतःचे जीन जवळपास गप्प असतात. आईनं अंड्यात बांधून दिलेली प्रोटीनं आणि आरएनए, एवढीच त्याची शिदोरी. तेवढ्यावर एका पेशीच्या हजार पेशी होतात. त्या काळात मिनिटामिनिटाला जे बदलताना दिसतं, त्याची सूत्रं बहुतांशी या एन्झाइमांच्या हातात असतात. प्रोटीनं पट्ट्यांत वेगळी करणारं जेल, ती ओळखणारी अँटिबॉडी, महागडी किट्स यातलं काहीही आपल्याकडे नाही, हे गृहीत धरून मी लिहिते आहे. डिसेक्टिंग मायक्रोस्कोप असला तर उत्तम. नसेल तर साध्या कंपाउंड मायक्रोस्कोपचं ४ एक्सचं ऑब्जेक्टिव्ह आणि वर धरलेला मोबाइलही चालतो.

आधी उकाड्याचा बंदोबस्त

मासा घ्यायचा तो झेब्रा. रंगीत माशांच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतो. अंगावर निळसर पट्टे असलेला साधा झेब्राच मागा. हिरवे-गुलाबी चमकणारे आणू नका, त्यांच्या जीन्समध्ये आधीच फेरफार केलेला असतो. जगभरच्या प्रयोगशाळांत हाच मासा आहे. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर काम उभं केलं, १९८१ मध्ये त्यांचा गाजलेला लेख आला आणि मग लोंढाच लागला. मासा मूळचा मात्र आपल्या उपखंडातला, भातखाचरांतला आणि संथ ओढ्यांतला.

त्याच्या गर्भाचं पुस्तकी वेळापत्रक २८.५ अंश सेल्सिअसचं आहे. २५ ते ३३ अंशांपर्यंत गर्भ नीट वाढतो. त्यापुढे वेडेवाकडे होतात, मरतात. आता खान्देशात हे सांगणं म्हणजे अर्धा प्रयोग सांगण्यासारखंच आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, धुळ्याला डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते. म्हणून हा प्रयोग जुलै ते ऑक्टोबरात करा. ते जमलं नाही तर फेब्रुवारी. उन्हाळ्यात करायचाच असेल तर फळांच्या दुकानातून थर्माकोलचा खोका आणा, कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली उभी करा आणि बाटलीपासून लांब पेट्री डिश ठेवा. थर्मामीटर खोक्यातच हवा. भिंतीवरचा वाचून उपयोग नाही. कूलरच्या झोतात डिश ठेवू नका. आपल्या कोरड्या हवेत दुपारभरात निम्मं पाणी उडतं आणि उरलेल्यात क्षार दाटतात. थंडीत टबात पाणी घेऊन त्यात माशांच्या टाकीचा हीटर सोडा आणि झाकण लावलेल्या डिश त्यावर तरंगत्या ट्रेत ठेवा. वीज गेली तर टबातलं पाणी बराच वेळ ऊब धरतं, खोलीतली हवा धरत नाही.

तापमान नेमकं साधलं नाही तरी काम अडत नाही, फक्त घड्याळ बदलावं लागतं. किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये झेब्राच्या गर्भाच्या अवस्थांचा तक्ता छापला, तोच सगळे वापरतात. त्यातलं सूत्र सोपं आहे. तुमच्या तापमानाला ०.०५५ नं गुणा, त्यातून ०.५७ वजा करा आणि पुस्तकातल्या तासांना आलेल्या आकड्यानं भागा. डिश २५ अंशांवर असेल तर आकडा येतो ०.८०५, म्हणजे पुस्तकातली २४ तासांची अवस्था तुम्हाला जवळजवळ ३० तासांनी दिसणार. हे गणित फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर मुलं वेळेवर येतात आणि गर्भ यायचा असतो. पुढे मी दिलेले सगळे तास २८.५ अंशांचे आहेत.

पाणी

बोअरचं पाणी नको. आपल्याकडे ते जड असतं, आणि गावागणिक वेगळं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. आरओचं पाणी घ्या, पण नुसतं नको, त्यात क्षार घालावे लागतात. गर्भासाठी सगळीकडे वापरतात ते ई-३ द्रावण असं करा: एक लिटर आरओ पाण्यात मीठ १४.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.६३ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.४३ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४.०७ ग्रॅम. हे पन्नासपट दाट झालं. वापरताना यातलं २० मिलिलिटर घेऊन लिटरभर करा. मीठ प्रयोगशाळेतलं, आयोडीनवालं स्वयंपाकातलं नव्हे. बुरशीसाठी मिथिलीन ब्लूचा फिकट आकाशी रंग येईल इतपतच थेंब. पाणी गडद निळं झालं तर गर्भ दिसायचाच नाही.

या कॅल्शियमचं काम पुढे येतं, म्हणून ते वगळू नका. आणि हे पाणी तांब्याच्या कळशीत किंवा हंड्यात ठेवू नका. आपल्याकडे तांब्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून घरोघरी भरतात, पण माशाच्या गर्भाला विरघळलेलं तांबं फार थोडं असलं तरी बाधतं. ते कसं, तेही पुढे.

अंडी मिळवणं

नर सडपातळ, पोटाखाली पिवळसर झाक. मादी पोटानं गोल आणि रुपेरी. आठ-पंधरा दिवस चांगलं खाऊ घाला. डासांच्या अळ्या आणि डॅफ्निया मिळाल्या तर कोरड्या खाद्यापेक्षा कितीतरी बऱ्या. दिवे घड्याळावर लावा: १४ तास उजेड, १० तास अंधार. हा मासा उजाडताच अंडी घालतो.

संध्याकाळी एका टबात जाळीदार प्लास्टिकची टोपली बसवा. जाळीतून अंडं पडेल पण मासा जाणार नाही, अशी. नाहीतर आईबाप अंडी तिथल्या तिथे खाऊन टाकतात. टोपलीत दोन माद्या, एक नर, मध्ये प्लास्टिकचा पडदा. सकाळी दिवा लागला की पडदा काढा आणि वेळ लिहा. हा पडदा कटकटीचा वाटतो, पण त्याच्यामुळेच अंड्याचं वय कळतं, आणि वय कळलं नाही तर पुढच्या नोंदींना अर्थ नाही. वीस मिनिटांनी टबातलं पाणी चहाच्या बारीक गाळणीतून गाळा, ई-३ नं धुवा, एका डिशमध्ये पन्नासच्या वर अंडी ठेवू नका. एक मादी शंभर-दोनशे अंडी सहज देते.

पावसाळ्यात जवळच्या मत्स्यबीज केंद्राशी बोलून रोहूची अंडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळला कार्प माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, तेव्हापासून देशातली केंद्रं याच मार्गानं चालतात. हल्ली तयार हार्मोन टोचतात, एवढाच फरक. रोहूचं अंडं पाण्यात फुगून चार-पाच मिलिमीटरच्या आसपास होतं. हातातल्या भिंगाखालीही आतला गर्भ वळताना दिसतो, आणि १४ ते १८ तासांत पिल्लू बाहेर. झेब्राचे दोन-तीन दिवस इथे एका रात्रीत उरकतात.

पहिला अर्धा तास: कवच घट्ट होतं

पडदा काढल्यानंतर पहिली अंडी पडली की लगेच चार-पाच उचला. घड्याळकाचेत घ्या आणि बारीक ब्रशच्या केसानं हलकेच दाबून बघा. खळगा पडतो. आता बाकीची डिशमध्ये राहू द्या आणि अर्ध्या तासानं तसंच दाबा. कवच अंड्यापासून सुटून वर उचललेलं असतं, मध्ये पाणी भरलेलं असतं, आणि दाबलं की परत उसळतं.

झेब्राचं अंडं पाण्याला लागलं की तेवढ्यानंच जागं होतं. फलन झालं नाही तरी कवच उचललं जातं. म्हणून कवच फुगलं म्हणजे अंडं फळलं असं समजू नका. आत कॅल्शियमची एक लाट अंडंभर पसरते. तिच्यामुळे कडेच्या पुटिका फुटून आतला माल बाहेर येतो. ट्राउट आणि कॉडसारख्या माशांत दाखवलं गेलंय की कवच कठीण करण्याचं काम ट्रान्सग्लुटामिनेज करतं: एका प्रोटीनच्या साखळीतलं ग्लुटामिन आणि शेजारच्या साखळीतलं लायसिन पकडून दोघांमध्ये पक्का बंध घालतं. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं. ई-३ मधला कॅल्शियम क्लोराइड वगळू नका म्हटलं ते यासाठीही. मत्स्यबीज केंद्रावरची माणसं अंडी 'पाणी प्यायल्याशिवाय' हलवू देत नाहीत, त्यामागे हीच गोष्ट आहे. त्यांना एन्झाइमचं नाव माहीत नसतं, वेळ बरोबर माहीत असते.

याच लाटेचं दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आईच्या पोटातलं तयार अंडं अर्धसूत्री विभाजनाच्या दुसऱ्या टप्प्यात मध्येच थांबलेलं असतं. त्याला थांबवून धरणारी जोडी म्हणजे सीडीके-१ हे कायनेज आणि सायक्लिन बी. कॅल्शियम वाढलं की सायक्लिनला युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनची साखळी चिकटवली जाते, आणि अशी खूण लागलेलं प्रोटीन पेशीतला प्रोटिएझोम फाडून टाकतो. सायक्लिन गेलं, कायनेज थंडावलं, अंडं पुढे सरकलं.

पाऊण तास ते तीन तास: मोजा

हा भाग कंटाळा न करता पूर्ण करा. मुलांच्या जोड्या पाडा, एकानं बघायचं, एकानं लिहायचं. पाऊण तासाला दोन पेशी. तिथून पुढे दर पंधरा मिनिटांनी दुप्पट: एका तासाला चार, सव्वा तासाला आठ, दीडला सोळा, पावणेदोनला बत्तीस, दोनला चौसष्ट. त्यापुढे मोजदाद अवघड जाते, पण तीन तासांना हजाराच्या घरात पेशी असतात. आठ पेशींच्या वेळी डिशमधली किती अंडी विभागली ते मोजा. तोच तुमचा फलनाचा खरा आकडा. पांढरी, दुधाळ झालेली अंडी ड्रॉपरनं लगेच काढून टाका, ती शेजारच्यांना नासवतात.

बघायचं काय? सगळ्या पेशी एकाच वेळी विभागतात. प्रत्येक फेरीत सायक्लिन साठतं, सीडीके-१ जागं होतं आणि शेकडो प्रोटीनांना फॉस्फेट चिकटवतं: केंद्रकाचं आवरण विरघळतं, गुणसूत्रं आवळतात. मग युबिक्विटिन लागून सायक्लिन फाडलं जातं, फॉस्फेटेज फॉस्फेट काढून घेतात, केंद्रक परत जमतं. पेशी दोन. पुन्हा सुरू. टिम हंट यांना सायक्लिन सापडलं ते समुद्री साळिंदराच्या अंड्यांत, १९८२ मध्ये: जेलवरचा एक पट्टा दर विभाजनाला नाहीसा व्हायचा आणि पुन्हा उमटायचा. २००१ चं नोबेल त्यांना हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत मिळालं. फॉस्फेट लावण्या-काढण्याचा शोध फिशर आणि क्रेब्स यांचा, त्याचं नोबेल १९९२ चं. युबिक्विटिनचं २००४ चं. तीन नोबेलांचा ऐवज सकाळी सात ते दहात डिशमध्ये दिसतो, आणि आपण मुलांना माइटोसिस, म्हणजे हेच पेशीविभाजन, कांद्याच्या मुळावरच दाखवत बसतो.

इथे एक सोपा प्रयोग जोडा. एकाच मादीची अंडी दोन डिशमध्ये वाटा, एक २८.५ अंशांवर, एक २५ वर. दर पंधरा मिनिटांनी दोन्हीकडे मोजा. थंड डिश मागे पडत जाईल, पण तिची लय मोडणार नाही. एन्झाइमं सावकाश चालतात, क्रम तोच राहतो. वर दिलेल्या सूत्राशी आकडे ताडून बघा. तीन तासांच्या आसपास, दहाव्या विभाजनाला, पेशी एका ठेक्यात विभागायचं सोडतात. काही पुढे, काही मागे. तिथे गर्भाचे स्वतःचे जीन बोलू लागतात.

सहा ते दहा तास

इथे बघण्यासारखं भरपूर, पण एन्झाइम डोळ्यांनी दिसत नाही. पेशींची चादर पिवळ्या बलकावरून खाली सरकते, सहा तासांना एका बाजूला जाडसर कड दिसते, ती पाठीची बाजू. फोटो काढा. सांगायची गोष्ट मात्र छान आहे. पोटाच्या बाजूला बीएमपी हे प्रोटीन हुकूम चालवतं. पाठीकडून कॉर्डिन नावाचं प्रोटीन येतं आणि बीएमपीला पकडून निकामी करतं. टॉलॉइड हे एन्झाइम कॉर्डिन कापतं आणि बीएमपीला सोडवतं. टॉलॉइड बिघडलेल्या झेब्राच्या पिल्लाला शेपटीखालचा पंख अपुरा येतो. अशा जीन बिघडलेल्या माशाला म्युटंट म्हणतात, आणि या म्युटंटचं नावच 'मिनी फिन'. असे शेकडो म्युटंट ट्युबिंगन आणि बॉस्टन इथल्या मोठ्या शोधमोहिमांतून निघाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये एका मासिकाच्या एकाच अंकात छापून आले. टॉलॉइड ज्या कुळातलं आहे त्याचं नाव अ‍ॅस्टॅसिन, गोड्या पाण्यातल्या एका चिंगाटीवजा प्राण्यावरून पडलेलं. हे कुळ लक्षात ठेवा.

दुसरा दिवस: पाठीचा दांडा

२४ तासांच्या गर्भाला डोळे आलेले असतात, हृदय नुकतं धडधडू लागलेलं असतं, शेपूट झटके देतं. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारा एक विद्यार्थी पहिल्यांदा बघताना ओरडला होता, "मॅडम, हाई तं हाली ऱ्हायनं!" आणि अख्खा वर्ग त्या एका मायक्रोस्कोपवर. अशा वेळी पाठीकडे लक्ष वळवणं जड जातं, पण वळवा.

गर्भ आडवा करा आणि शेपटीच्या मध्यावर फोकस लावा. एकापाठोपाठ एक मोठ्या पारदर्शक पेशी दिसतात, फुगलेल्या, एकमेकींना दाबत असलेल्या. हा पृष्ठरज्जू, नोटोकॉर्ड. पेशी फुगतात पण दांडा सरळच राहतो, कारण बाहेरून कोलॅजनची घट्ट म्यान असते. या म्यानेवर दोन एन्झाइमं काम करतात. प्रोलिल हायड्रॉक्सिलेज कोलॅजनमधल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट बसवतं, त्याशिवाय कोलॅजनचा तिपेडी पीळ टिकत नाही. त्याला लोह आणि क जीवनसत्त्व लागतं. दुसरं लायसिल ऑक्सिडेज. ते पिळांना आपसात सांधतं, आणि त्याला तांबं लागतं. तांबं पेशीत नीट पोचवता न येणारा 'कॅलॅमिटी' नावाचा झेब्रा म्युटंट आहे. त्याचा नोटोकॉर्ड सापासारखा वळवळीत होतो आणि अंगावर काळा रंगही धरत नाही, कारण रंग बनवणाऱ्या टायरोसिनेजलाही तांबंच लागतं.

लायसिल ऑक्सिडेज अडवणारं एक द्रव्य शोभेच्या गोड वाटाण्याच्या बियांत असतं; झेब्राच्या गर्भाला ते दिलं तरी दांडा असाच वाकडा होतो. लाखेच्या डाळीनं पाय लुळे पडतात ते याच्यामुळे का, असं मुलं हमखास विचारतात. नाही. डाळीतलं द्रव्य वेगळं, ते मज्जातंतूंवर जातं. कुळ एक, घात निराळे.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी या परिच्छेदाशी थांबावं. कार्प, ट्राउट, झेब्रा हे बहुतेक मासे क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाहीत, आपल्यासारखेच. खाद्य जुनं झालं, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलं, की त्यातलं क जीवनसत्त्व आधी जातं. मग बोटुकलीत, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांत, पाठीला बाक आलेले, कमरेत वाकलेले मासे दिसू लागतात. बाक येण्याची कारणं इतरही आहेत, पण आधी खाद्याच्या पोत्यावरची तारीख बघा.

दोन ते तीन दिवस: कवच फुटणं

माझ्या मते सगळ्यात बघण्यासारखं हे. २४ तासांच्या गर्भात हृदयाच्या आसपास, बलकाच्या पुढच्या भागावर, चकचकीत दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी शोधा. प्रकाश थोडा कमी केला की उठून दिसतात. ही उबवणी ग्रंथी. त्या दाण्यांत एचई-१ हे एन्झाइम साठवलेलं असतं. त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू, आणि कूळ तेच, अ‍ॅस्टॅसिन. म्हणजे सहाव्या तासाला कॉर्डिन कापणारं आणि तिसऱ्या दिवशी कवच कापणारं, दोघं भाऊबंद.

आता असं करा. २४ तासांच्या दोन-तीन गर्भांचं कवच दोन इन्सुलिनच्या सुयांनी फाडून काढा. एका सुईनं धरायचं, दुसरीनं टरकवायचं, गर्भाला न लागता. हात बसायला वेळ लागतो. ती कवचं एका काचेवर जपून ठेवा. बाकीचे गर्भ आपोआप फुटू द्या. ४८ ते ७२ तासांत फुटतात, सगळे एकदम नाही. फुटल्याबरोबर सुटलेली कवचं उचलून शेजारच्या काचेवर ठेवा आणि दोन्हींना सुईच्या टोकानं दाबा. तुम्ही फाडलेलं अजून ताठ असतं, कडा उभ्या राहतात. पिल्लानं टाकलेलं लिबलिबीत होऊन बसतं. पहिल्या अर्ध्या तासात एका एन्झाइमनं जे घट्ट केलं, ते दुसऱ्यानं सैल केलं. वर्गात एवढं दाखवलं तरी पुरे. उत्साह असेल तर ताठ कवच एका लहानशा थेंबात, फुटायच्या बेतातल्या दहा-बारा गर्भांच्या सोबत ठेवून बघा. एन्झाइम पाण्यात सुटतं, त्यामुळे गर्दीचा थेंब आणि मोकळी डिश यांत फरक पडतो का ते तपासता येतं. मेदाका माशावर काम करणारे जपानी शास्त्रज्ञ असं उबवणीचं पाणी गोळा करूनच एन्झाइम काढत असत.

आता कळशीचं. जे तांबं दुसऱ्या दिवशी दांडा सरळ ठेवायला हवं असतं, तेच पाण्यात जास्त झालं की गर्भ फुटायला उशीर होतो, काही कवचातच मरतात. डाळिंबावर, केळीवर बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारून झालं की पंप शेततळ्यात धुवायचा नाही, हे सांगायला मला याहून चांगलं निमित्त मिळालेलं नाही.

औषधं टाकून बघू का?

दर वर्षी कुणीतरी विचारतं. मोबाइलवर वाचलेलं असतं की व्हॅल्प्रोएट किंवा ट्रायकोस्टॅटिन टाकलं की हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज अडतं आणि गर्भाचं डोकं-पंख बिघडतात. खरं आहे. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीनं. त्यांच्यावरचा अ‍ॅसिटिल गट काढणारं हे एन्झाइम म्हणजे प्रोटीन बदलण्याचंच काम, आणि झेब्रात ते बिघडलं की डोळा, मेंदू, पंख नीट घडत नाहीत. पण व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध आहे, गरोदरपणात घेतलं तर बाळाच्या मणक्याला दोष येऊ शकतो, आणि वर्गात मुली असतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पात, मार्गदर्शक आणि महाविद्यालयाची प्राणी नैतिकता समिती यांची लेखी परवानगी असेल तर करा. टी.वाय.च्या प्रात्यक्षिकाला कवच आणि पेशीमोजणी भरपूर झाली.

पाचव्या दिवशी पिल्लं पोहायला लागतात आणि खायला मागतात. तोवर बलकावर भागतं, वेगळं खाद्य घालू नका, पाणी घाण होतं. पाचव्या दिवसापासून उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून अगदी थेंबभर, दिवसातून दोनदा, आणि तासाभरात उरलेलं ड्रॉपरनं ओढून घ्या. पॅरामिशियमचं कल्चर असेल तर त्याहून बरं. वाढलेले मासे टाकीत ठेवा किंवा दुसऱ्या कॉलेजला द्या. बोरी, तापी या नद्यांत सोडू नका, वर्ग कितीही हट्ट करो. दुकानातल्या माशाबरोबर कोणते रोग येतात ते आपल्याला दिसत नाही.